पंचेचाळीस रुपयांचा कप: मशरूम-अश्वगंधा कॉफी महिनाभर पिऊन

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या शिफ्टला, एका आजोबांसाठी दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कापून देत होते आणि हातातली कात्री थरथरली. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेनं ते पाहिलं. "मॅडम, बरं नाही का?" म्हणाली. तसं आजारी काही नव्हते. मोठ्या मगातली पाचवी कॉफी पोटात होती आणि आदल्या रात्री जेमतेम चार तास झोप झाली होती. गर्दी ओसरल्यावर आमच्याच बीपीच्या मशीनवर नाडी पाहिली. १०४.

मी फार्मासिस्ट आहे. कोपरखैरण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये एकोणीस वर्षं काउंटरला उभी आहे. राहायला ठाण्यात, घंटाळीच्या देवळापासून चार मिनिटांवर. सकाळ, दुपार, नाइट अशा तीन शिफ्ट आळीपाळीनं लागतात, त्यामुळे शरीराला कधी झोपायचं आणि कधी उठायचं हे कळेनासं झालं होतं आणि सगळा भार कॉफीवर आला होता. औषध देणाऱ्याचा हात थरथरणं ही साधी गोष्ट नाही. त्या रात्री ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसल्या बसल्या मी दिवसभराच्या कॅफिनचा हिशोब मांडला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, फिल्टरच्या किंवा उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० आणि चहात ३० ते ६५, हेही आकडे तिथेच आहेत. माझा मग तीनशे मिलिलिटरचा आणि त्यात दोन चमचे शिगोशीग. म्हणजे एका मगाला शंभर-सव्वाशे आणि पाच मगांचे पाचशेच्या वर. लोकांना रोज डोस समजावून सांगणारी मी, स्वतःच्या डोसकडे इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं याचं मला खरोखर वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात फोनवर ती जाहिरात आली. 'तरतरी तीच, धडधड नाही.' आत लायन्स मेन, चागा, रेशी, कॉर्डिसेप्स ही चार मशरूम आणि अश्वगंधा. कॉफीची उत्तेजना अश्वगंधा आणि मशरूम सांभाळून घेतात आणि फरक पहिल्याच कपापासून जाणवतो, असा दावा. तीस कपांचा डबा १,३५० रुपयांना, म्हणजे कपाला पंचेचाळीस. मी मागवला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर अशाच सहा डब्यांची लेबलं मी बारकाईनं वाचली आणि माझं मुख्य म्हणणं त्या सगळ्यांना कमी-अधिक लागू पडतं.

आधी चांगलं ते सांगते. डबा उत्तम होता. जाड पत्र्याचा, आत ॲल्युमिनियमची सीलबंद पिशवी, ओल शोषणारी पुडी आणि बरोबर चार ग्रॅमचा चमचा. ठाण्याच्या जुलैत इन्स्टंट कॉफीचा दोन आठवड्यांत दगड होतो. ही शेवटपर्यंत मोकळी राहिली. साखर नाही, दूध पावडर नाही, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, तीही नाही. आपल्याकडे नियमानं ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालून ते 'कॉफी-चिकोरी मिश्रण' म्हणून विकता येतं आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना आपण काय पितो याची कल्पना नसते, म्हणून हे महत्त्वाचं. आणि सगळ्यात मोठी जमेची बाजू, एका कपात कॅफिन किती हे मिलिग्रॅममध्ये ठळक छापलेलं होतं: ५०. साध्या इन्स्टंटच्या माझ्या घरातल्या एकाही बाटलीवर हा आकडा नाही. तो प्रत्येक कॉफीवर असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

चव. नुसत्या गरम पाण्यात घेतली तर पहिल्या घोटाला कॉफी लागते आणि मागून ओल्या लाकडाचा वास येतो, पावसाळ्यात बंद राहिलेलं कपाट उघडल्यावर येतो तसा. मग जिभेच्या मागच्या भागावर एक कडवटपणा रेंगाळतो. तो रेशीचा. रेशीत ट्रायटरपीन नावाची कडू द्रव्यं असतात, त्यामुळे कडवटपणा मुळीच नसता तर मला शंका आली असती. दुधात आणि थोड्या गुळात हे सगळं बरंच झाकलं जातं. पेल्याच्या तळाशी मात्र करड्या रंगाचा बारीक गाळ राहतो. तो ढवळून प्यायचा असं डब्यावर लिहिलंय. माझ्या लेकीनं एकदा चमच्यावर घेऊन चाखला आणि तडक बेसिन गाठलं.

पहिले नऊ दिवस मी बाकी सगळी कॉफी बंद केली आणि याच डब्यातले दोन कप घेतले, एक उठल्यावर, एक शिफ्टच्या सुरुवातीला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं दुखायला लागलं. कपाळापासून मागे मानेपर्यंत, जड. तिसऱ्या दिवशी तर वाशीहून येणाऱ्या गाडीचा हॉर्नही सहन होईना. हे अपेक्षित होतं. कॅफिन एकदम कमी केलं की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर करते आणि दोन ते नऊ दिवस राहू शकते. मला चार दिवस त्रास झाला. डब्यावर किंवा जाहिरातीत याबद्दल एक अक्षर नव्हतं. पाच मगांवरून एकदम दोन कपांवर येणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला हवं. नाहीतर तो तिसऱ्या दिवशी डबा फेकून देईल, किंवा डोकेदुखीच्या गोळ्या घेत बसेल, आणि त्यातल्या काहींमध्ये कॅफिनच असतं. सावकाश उतरवा. आठवड्याला एक मग कमी केला तरी चालतं.

पाचव्या दिवसापासून मात्र खरंच बरं वाटायला लागलं. नाडी सकाळी ७६-७८. हात स्थिर. दुपारच्या शिफ्टनंतर अकराला घरी येऊन बाराच्या आत झोप. नवव्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "पैसे वसूल झाले."

ते वाक्य बोलले आणि माझं मलाच खटकलं. पाचशे मिलिग्रॅमवरून मी शंभरवर आले होते. एवढं कॅफिन खाली आल्यावर, त्यात मशरूम असो नाहीतर नसो, नाडी उतरणारच होती.

कॅफिन करतं काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन त्याच जागा आधी जाऊन अडवतं. झोप कुठे जात नाही, दाराबाहेर ताटकळत राहते. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो आणि गरोदरपणात त्याहून लांबतो. काउंटरला हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच आता सांगते. संध्याकाळी सहाला मोठा मग घेतला तर रात्री अकराला अर्धा मग अजून अंगात असतो. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलेल्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती.

आता अश्वगंधा असो वा मशरूम, त्या अडवलेल्या जागांवरून कॅफिनला उठवत नाहीत. ताण सोसायला शरीराला मदत करणारी द्रव्यं, अशा अर्थानं 'ॲडॅप्टोजेन' हा शब्द सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव्ह यांनी १९४७ मध्ये वापरात आणला. पुढे इस्रायल ब्रेखमन यांनी 'सायबेरियन जिनसेंग'सारख्या वनस्पतींवर त्या कल्पनेनं काम केलं. कल्पना अशी की आठवडे-महिने घेतल्यावर शरीराचा ताणाला मिळणारा प्रतिसाद सौम्य होतो. ती चूक आहे असं मी म्हणत नाही. पण 'पहिल्याच कपापासून' या शब्दांशी तिचा मेळ बसत नाही.

मग मी लेबल घेऊन बसले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, चष्मा लावून, डायरी पुढ्यात. हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे यात थोडं रेंगाळते.

चार ग्रॅमच्या एका कपात कॉफी वगळून उरलेल्या पाच गोष्टी मिळून १,००० मिलिग्रॅम, असं लिहिलं होतं. प्रत्येकाचा वेगळा आकडा नाही. 'प्रोप्रायटरी ब्लेंड', म्हणजे आमचं खास मिश्रण, प्रमाण सांगणार नाही. पण आपल्याकडे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. यादी अशी: लायन्स मेन, चागा, कॉर्डिसेप्स, रेशी, अश्वगंधा. अश्वगंधा शेवटी. पाच जणांत हजार वाटायचे आणि शेवटच्याला सगळ्यात कमी, म्हणजे त्याच्या वाट्याला फार तर दोनशे. दोन कपांत फार तर चारशे, बहुधा बरंच कमी.

अश्वगंधेवरचा जो भारतीय अभ्यास या क्षेत्रात सगळे पुढे करतात तो २०१२ चा. ताण असलेल्या ६४ जणांवर केलेला. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे ६०० मिलिग्रॅम, साठ दिवस. त्यात ताण मोजणाऱ्या चाचणीतले गुण आणि रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्ही उतरले. छोटा अभ्यास आहे, पण आहे. माझ्या डब्यात त्यापेक्षा कमी अश्वगंधा होती आणि ती अर्क की नुसती पूड, हेही लिहिलेलं नव्हतं. अर्क असेल तर विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतली मुख्य गुणकारी द्रव्यं, किती टक्के हे छापायला हवं. तो आकडा नसलेली अश्वगंधा म्हणजे ताकद न लिहिलेली गोळी. तशी गोळी मी काउंटरवरून कुणाला दिली तर माझं लायसन्स जाईल.

लायन्स मेन हे खरोखर पाहण्यासारखं मशरूम आहे. पांढऱ्याशुभ्र लोंबत्या काट्यांचं, सिंहाची आयाळ म्हणावं असंच. त्यावरचा जपानी अभ्यास २००९ चा: विस्मरणाची सौम्य लक्षणं असलेले ५० ते ८० वयाचे तीस जण, रोज सुमारे तीन ग्रॅम पूड, सोळा आठवडे. स्मरणाच्या चाचणीत गुण सुधारले आणि पूड बंद केल्यावर चार आठवड्यांत सुधारणा ओसरू लागली. माझ्या डब्यातलं सगळं मिश्रण एकटं लायन्स मेन असतं, तरी तीन ग्रॅमसाठी दिवसाला तीन कप लागले असते. अर्क पुडीपेक्षा कसदार असतो, त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम लावून तुलना करणं कंपनीवर अन्याय ठरेल. पण मग किती पट अर्क आहे ते कंपनीनं सांगावं, म्हणजे आम्हाला हिशोब करता येईल.

मशरूमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळल्यावर मी अक्षरशः दोन दिवस त्याच विचारात होते. मशरूम म्हणून आपण जे ओळखतो ती छत्री, म्हणजे फळ. त्याच्या खाली धाग्यांचं जाळं असतं ते मायसेलियम. ते धान्यावर वाढवतात आणि स्वस्तात करायचं असेल तर धान्यासकट वाळवून दळतात. त्या पुडीत मशरूम किती आणि दळलेलं धान्य किती, हे डोळ्यांनी कळत नाही. लेबलवर 'पॉलिसॅकराइड ३० टक्के' लिहिलं तरी कळत नाही, कारण धान्यातला स्टार्च हासुद्धा पॉलिसॅकराइडच. ज्यावर बोलायचं तो बीटा-ग्लुकान, म्हणजे मशरूममधलं कामाचं पॉलिसॅकराइड, आणि तो आकडा वेगळा द्यावा लागतो. मी कंपनीला मेल केली: तुमच्या या बॅचचा बीटा-ग्लुकान किती, फळ वापरता की मायसेलियम? चार दिवसांनी उत्तर आलं, सोबत एक रिपोर्ट. त्यात शिसं, पारा, आर्सेनिक यांची तपासणी होती, सगळं मर्यादेत, आणि ते पाहून बरं वाटलं. बीटा-ग्लुकान नव्हता. दुसऱ्या मेलला उत्तर आलं की हे आमचं व्यापारी गुपित आहे.

तेव्हा मी ठरवलं की 'पहिल्या कपापासून' हा दावा घरीच तपासायचा. लेक बारावीला सायन्सला आहे, तिनं हे फार मनावर घेतलं. तीनशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा मागवला. दोन प्रकारचे कप ठरले. एकात डब्यातली कॉफी चार ग्रॅम. दुसऱ्यात आमची रोजची इन्स्टंट पावणेदोन ग्रॅम, म्हणजे अंदाजे तेवढंच कॅफिन, आणि गाळ व कडवटपणा जुळावा म्हणून चिमूटभर कोको आणि चिमूटभर कडू काडेचिराइताची पूड. दोन्हींत दूध, गूळ आणि किसलेलं जायफळ सारखंच. कुठल्या दिवशी कुठला कप हे तिनं नाणं उडवून ठरवलं, आणि एक प्रकार सात दिवस झाल्यावर उरलेले दिवस दुसरा. चौदा सकाळी सहा-पन्नासला ती स्टीलचा झाकणाचा पेला माझ्यासमोर ठेवायची आणि वहीत लिहायची. मी बघू नये म्हणून वहीला रबरबँड. संध्याकाळी मी माझा अंदाज सांगायचा: आज शांत वाटलं, म्हणजे मशरूमवाली, आज नेहमीसारखं, म्हणजे साधी. त्यासोबत अकराची नाडी, चारची नाडी आणि झोप लागल्याची वेळ. त्या दोन आठवड्यांत नाइट येऊ नये म्हणून मी सहकाऱ्याशी ड्यूटी बदलून घेतली.

पंधराव्या दिवशी आम्ही दोघी डायनिंग टेबलावर बसलो. तिनं रबरबँड काढला आणि एकेक ओळ वाचली. चौदापैकी आठ अंदाज बरोबर. नाणं उडवून सांगितले असते तरी सातच्या आसपास आले असते. नाडीची सरासरी काढली: मशरूमच्या दिवशी ७७, साध्याच्या दिवशी ७६. झोप लागायच्या वेळेत सात मिनिटांचा फरक, तोही साध्या कॉफीच्या बाजूनं. एका दिवशी मी अगदी खात्रीनं म्हटलं होतं की आज काम करताना डोकं विलक्षण स्वच्छ होतं. तो साध्या इन्स्टंटचा दिवस होता.

हा माझ्या एकटीच्या शरीराचा चौदा दिवसांचा हिशोब आहे. सोळा आठवडे घेतल्यावर काय होतं, हे यातून कळत नाही आणि त्याबद्दल मी काही म्हणतही नाही. पण डब्यावर सोळा आठवडे लिहिलेले नाहीत, पहिला कप लिहिलाय.

घरातल्या कुणी ही प्यावी की नाही, यावर मात्र मी ठाम आहे. सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. त्यांचं माहेर गुहागरकडचं, अळंबी त्यांना भारी प्रिय. "अळंबीची कॉफी म्हणतेस, मग एक घोट दे की मला," असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी म्हटलं, "आई, तुम्हाला नाही देणार, रागवा हवं तर." त्या रक्त पातळ होण्याची वॉरफरिन घेतात आणि सकाळी थायरॉइडची गोळी. रेशीमुळे रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. अश्वगंधा थायरॉइडचं प्रमाण वर नेऊ शकते. आणि थायरॉइडच्या गोळीवर लगेच कुठलीही कॉफी घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही, अर्धा ते एक तास मध्ये जायला हवा. ही शेवटची गोष्ट रोज किमान पाच जणांना मी काउंटरवर सांगते आणि त्यातल्या चौघांना ती नवीन असते. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. चागामध्ये ऑक्झॅलेट भरपूर, आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात. जपानमध्ये बहात्तर वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, ही केस २०१४ मध्ये नोंदली गेली. कपातलं प्रमाण त्याच्या जवळपासही नाही, हे खरं. तरी ज्याला खडा होऊन गेलाय त्यानं रोज चागा घ्यायचं कारण मला दिसत नाही. त्यानं एक कप चाखला, तेवढं पुरे झालं. गरोदर बाईनं अश्वगंधा घेऊ नये. यकृताला इजा झाल्याच्या केसेसही नोंदलेल्या आहेत, म्हणून अश्वगंधा सुरू असताना अंगाला खाज, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर ती तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावं. डेन्मार्कनं तर २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच आणली. मला ती बंदी जास्त वाटते. पण माझ्या डब्यावर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात 'औषध म्हणून वापरू नये' एवढं एकच वाक्य होतं. थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं, मूत्रपिंड यांचा उल्लेख नाही. पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर जागा भरपूर होती.

एक गोष्ट मला या महिन्याभरात आपोआप सुचत गेली आणि ती माझ्या आजीकडून आलेली आहे. साताऱ्याच्या घरी सणाच्या जेवणानंतर, पुरणपोळी अंगावर आलेली असताना, दुपारी चारला आजी कॉफी करायची. पितळी पातेल्यात पाणी, साखर, मग जायफळ किसणीवर तीन वेळा घासायचं. मोजून तीन, चौथ्यांदा नाही. मग कॉफी, मग दूध. आम्ही मुलं चौथ्यांदा घास म्हणून मागे लागलो की ती म्हणायची, "झोप येईल रे, कामं पडलीत." जायफळ झोप आणतं हे तिला माहीत होतं आणि तरी ते कॉफीत घालत होती. उठवणारं आणि निजवणारं एका पातेल्यात. मराठी घरांत हा मेळ कित्येक पिढ्या चालत आलाय, आणि चवीसाठी असला तरी त्याला माप होतं. माप महत्त्वाचं, कारण पाच-दहा ग्रॅम जायफळ पोटात गेलं तर विषबाधेसारखी लक्षणं दिसतात.

अश्वगंधेलाही आपल्याकडे वेळ आणि माप दोन्ही आहे. मुळाचं चूर्ण तीन ते सहा ग्रॅम, कोमट दुधाबरोबर, बहुतेक जण रात्री घेतात. तिच्या शास्त्रीय नावातच सोम्निफेरा आहे, म्हणजे झोप आणणारी. ती सकाळच्या कॉफीत घालण्यात मला अर्थ दिसत नाही. कॉफीचं काम सकाळी, अश्वगंधेचं रात्री. दोघींना आपापल्या वेळी येऊ द्यावं. आमच्या हॉस्पिटलात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या वैद्यबाईंना विचारून, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या करून, मी जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून शंभर ग्रॅम मुळं आणली. ऐंशी रुपये. पेन्सिलीएवढी जाड, बाहेरून पिवळट-करडी, आतून पांढरी. मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला पाहिजे असं दुकानातल्या काकांनी मोडून दाखवलं. घरी मिक्सरला फिरवली आणि झाकण काढल्यावर तबेल्याचा वास घरभर झाला. नावातला अश्व कुठून आला हे त्या दिवशी कळलं. मैद्याच्या चाळणीनं चाळून बाटलीत भरलं. रात्री अर्धा चमचा, दुधात, थोडं तूप. आज एकविसावा दिवस आहे. साठ दिवस झाल्याशिवाय मी त्याबद्दल चांगलं-वाईट काही लिहिणार नाही.

तर हा डबा घ्यावा का? दिवसाला चार-पाच कॉफी पिऊन ज्याला धडधड होते, हात थरथरतात, झोप येत नाही, आणि नुसती अर्धा चमचा कॉफी घाल म्हटलं तर जो ऐकणार नाही, त्याला हा डबा कदाचित उपयोगी पडेल, कारण त्यातला चमचा त्याच्या वतीनं मोजून देतो. माझ्या बाबतीत पहिले नऊ दिवस नेमकं हेच झालं आणि त्याचं श्रेय मी डब्याला देते. पण तोच परिणाम साध्या इन्स्टंटच्या एका सपाट चमच्यानं, दुधासकट दहा-बारा रुपयांत मिळतो. मशरूमसाठी, अश्वगंधेसाठी म्हणून घ्यायचा असेल तर हा डबा घेऊ नका. प्रत्येक घटकाचा वेगळा आकडा, मशरूमचं फळ की मायसेलियम, बीटा-ग्लुकानची टक्केवारी, विथॅनोलाइडची टक्केवारी, हे चारही ज्याच्यावर छापलंय असा डबा शोधा. मी वाचलेल्या सहांपैकी एकावर यातल्या तीन गोष्टी होत्या. तो कपाला सत्तर रुपये पडतो. पाचपैकी मी या डब्याला दोन तारे देते, एक कॅफिनचा आकडा छापल्याबद्दल, एक जुलैत कोरडा राहिल्याबद्दल.

माझं आता असं चाललंय: सकाळी एक कप, शिफ्टला गेल्यावर एक, दुपारी दोननंतर नाही. नाइट असेल तेव्हा रात्री दहाला एक आणि एकच्या सुमारास अर्धा, त्यानंतर फक्त पाणी, म्हणजे सकाळी नऊला घरी येऊन पडदे ओढले की झोप लागते. रविवारी दुपारी जायफळाची कॉफी, किसणीवर तीनदा. डब्यात चार कप उरले होते. नाइटची आमची एक मुलगी म्हणाली मला चाखायचीय, तिला थायरॉइडचं वगैरे विचारून दिले. कंपनीला परवा तिसरी मेल पाठवली आहे. बीटा-ग्लुकानचा आकडा आला तर या खालीच लिहीन आणि गरज पडली तर तारेही बदलेन.